आमच्या घरची आपत्ती तालीम आणि मी एक जखमी

एखाद्या गृहस्थाला त्याच्याच अंगणात, त्याच्याच लुंग्यांनी बांधून घालावं आणि मग घरच्यांनी त्याला साफ विसरून जावं, ही पद्धत मला मान्य नाही.

हे मी इतक्या शांतपणे लिहितो आहे, कारण त्या दिवशी जे काही ओरडायचं होतं ते मला ओरडता आलं नाही. माझं तोंडही बांधलेलं होतं!

मी पेडणे तालुक्यातल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवतो. आमचं घर चोपड्याला, नदीपासून हाकेच्या अंतरावर. मागच्या पावसाळ्यात वादळ झालं तेव्हा शेजारच्या रोहिदासच्या पडवीवर अख्खा माड कोसळला. नशिबाने पडवीत कोणी नव्हतं. पण त्या गडबडीत कोणी काय केलं, ते आठवलं की अजून माझा पारा चढतो. रोहिदास पडलेला माड बघत नुसता उभा राहिला. त्याच्या बायकोने, उषावहिनीने, सर्वांत आधी टीव्ही बाहेर काढला. आणि माझी बायको नीता भर पावसात ओरडत होती, "अहो, दोरीवरचे कपडे!"

अशा लोकांना शिकवणार कोण?

मीच! कारण मे महिन्याच्या सुट्टीत शिक्षकांसाठी आपत्ती व्यवस्थापनाचं प्रशिक्षण निघालं. शाळेतून कोणाला पाठवायचं असा प्रश्न आला, तेव्हा गणिताच्या सरांची कंबर दुखायला लागली, हिंदीच्या बाईंच्या नणंदेचं लग्न निघालं आणि पी.टी.चे सर तर बैठक चालू असताना खोलीतून नाहीसेच झाले. (आपत्तीच्या वेळी बाहेर कसं पडावं, हे त्यांना शिकवायची गरज नव्हती!) राहिलो मी. मी गेलो. मन लावून शिकलो. येताना एक शिट्टी, त्रिकोणी पट्ट्यांचा एक गठ्ठा आणि प्रशिक्षकांचं एक वाक्य घेऊन आलो. ते वाक्य असं, "शाळा नंतर, आधी आपलं घर तयार करा."

मी घरी जाहीर केलं, "या रविवारी आपल्या घरात तालीम."

"कसली?" नीताने विचारलं.

"भूकंपाची. घर हादरलं, वासा पडला, एक माणूस जखमी झाला, असं समजायचं."

"रविवारीच का? सोमवारी समजा ना. रविवारी माझी भावंडं यायची आहेत मुळगावहून, फोन आलाय."

"भूकंप तुझ्या भावंडांना विचारून येणार आहे?"

"नाही, पण तुम्ही विचारू शकता."

याला मी विरोध म्हणत नाही, मी याला बेपर्वाई म्हणतो! शेवटी भावंडांचं येणं पुढे ढकललं गेलं आणि त्याचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटलं.

आमची मुलगी गार्गी सहावीत गेली आहे. ती मात्र उत्साहात होती. तिला शाळेत हेच सगळं आधी शिकवलेलं होतं, आणि तिथेच माझी अडचण होती. मी काहीही सांगायला लागलो की ती म्हणायची, "बाबा, हे असं नसतं." आपल्या विषयात आपल्याच मुलीने आपल्याला दुरुस्त करणं ही काही सुखाची गोष्ट नाही.

आधी आम्ही आपत्कालीन पिशवी भरली. टॉर्च, बिस्किटं, पाण्याची बाटली, औषधं. दुसऱ्या दिवशी बघतो तर टॉर्चमधले सेल माझ्या वडिलांच्या रेडिओत गेलेले, बिस्किटं गार्गीच्या पोटात आणि पिशवी नीताबरोबर म्हापशाच्या बाजारात! मी संतापलो तर नीता म्हणाली, "चांगली मजबूत आहे हो पिशवी. सुकी मासळी भरून आणली." त्यानंतर ती पिशवी कोणत्याही आपत्तीत शेजाऱ्यांना वासावरून सापडली असती.

मग एकत्र जमण्याची जागा ठरवायची होती. मी म्हटलं, "अंगणातला फणस."

"फणसाखाली?" नीता म्हणाली. "वर केवढाले फणस लागलेत ते बघा. भूकंपातून वाचून तुमच्या फणसाने मरायचं?"

म्हणून आंब्याखाली ठरलं. आंब्यावर हुमले असतात, त्या तांबड्या मुंग्या हो, हे त्या वेळी कोणी बोललं नाही. सगळ्यांना माहीत होतं. माझी खात्री आहे!

राहिले आबा, म्हणजे माझे वडील. आबांनी आयुष्यभर डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवला. आता दुपारी जेवले की स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत झोपतात आणि त्या झोपेला घरातलं कोणी हात लावत नाही. मी त्यांना सगळी योजना समजावून सांगितली. शिट्टी वाजली की उठायचं, डोकं झाकायचं, बाहेर यायचं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि भिंतीकडे कूस वळवून म्हणाले, "खरो भूकंप आयलो तर माका उठव. नाटक आसत तर निजाक दी."

"आबा, खरा आहे की नाटक हे ओळखायला वेळ नसतो!"

"माका कळता," आबा म्हणाले आणि घोरायला लागले.

रविवारी चहाच्या वेळेच्या जरा आधी मी शिट्टी फुंकली.

नीता स्वयंपाकघरात होती. केळ्याची भजी करायची म्हणून तिने कढईत तेल तापत ठेवलं होतं. ती आतूनच ओरडली, "थांबा हो जरा! तेल तापतंय!"

"तेल तापेपर्यंत भूकंप थांबणार आहे का? आहे तसं सोड आणि बाहेर ये!"

"बाबा," गार्गी म्हणाली, "आधी गॅस बंद करायचा असतो."

"शिकवतोय कोण? तू की मी? एकही सेकंद घालवायचा नाही! चला!"

(हे वाक्य मी पुन्हा वाचलं. खोडणार होतो. पण घरात सगळ्यांना ते पाठ आहे, त्यामुळे खोडून काही उपयोग नाही.)

आता प्रश्न जखमीचा. जखमी अर्थात मी. खरं म्हणजे वाशाखाली सापडलेल्या माणसाला उचलून बाहेर आणायचं असतं. पण माझं वजन लक्षात घेऊन जखमीने स्वतःच चालत आंब्याखाली जावं आणि तिथे पडावं, असं ठरलं. मी चालत गेलो. चटईवर पडलो. विव्हळायला सुरुवात केली.

"कुठे कुठे लागलंय?" नीताने विचारलं.

"दोन्ही हात, दोन्ही पाय आणि जबडा." जितक्या जास्त पट्ट्या तितका जास्त सराव, असा माझा हिशेब होता. असला हिशेब पुन्हा कोणी करू नये.

माय-लेकी कामाला लागल्या. पायांना झाडूचा दांडा लावला, हातांना शाळेतली लांब पट्टी. त्रिकोणी पट्ट्या संपल्या तेव्हा दोरीवरच्या माझ्या लुंग्या घेतल्या. हात छातीशी आवळले, पाय एकमेकांना जखडले. नीता प्रत्येक गाठ मारून वर एकदा हिसका देत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, इतक्या आवडीने तिने माझं काही केल्याचं मला आठवत नाही!

"जरा सैल..." मी म्हणालो.

"जबडा मोडलाय ना तुमचा? मग बोलताय कसे?" असं म्हणून तिने हनुवटीखालून पट्टी घेतली आणि डोक्यावर अशी करकचून बांधली, की माझे दात दातांवर बसले.

"आई, आता शेजाऱ्यांना हाक मारायची," गार्गी म्हणाली.

"खऱ्यासारखी मारायची ना?"

मी मान हलवली. हो, खऱ्यासारखी! हीसुद्धा माझीच सूचना. दोघी फाटकातून रोहिदासच्या घराकडे धावत गेल्या आणि मी अंगणात एकटा उरलो.

समोरच स्वयंपाकघराचं जनेल, म्हणजे खिडकी, होती. जनेलाचा पडदा वाऱ्याने आत-बाहेर होत होता. आणि त्या पडद्यामागून काळसर धूर यायला लागला.

आधी वाटलं, चुलीचा असेल. मग आठवलं, आमच्याकडे चूल नाही. मग तेल आठवलं. आणि तेलामागोमाग आबा आठवले. भिंतीपलीकडे, झोपलेले, उठवू नको म्हणून बजावून झोपलेले.

इथवर मी चेष्टेत सांगतो आहे, पण त्या क्षणाची चेष्टा मला अजून करता येत नाही. मी सगळ्या अंगाने झटका दिला. एकही गाठ हलली नाही. मी ओरडलो. बाहेर पडलं फक्त, "हूं! हूंऽऽ!"

तेवढ्यात फाटकाशी भोंगा वाजला. पों पों! पोदेर! रोज चहाच्या वेळी सायकलवरून पाव घेऊन येणारा आमचा पोदेर. देव धावला! त्याने सायकल आत आणली, मला पाहिलं आणि क्षणभर थबकला. पण पिढ्यान्पिढ्या घरोघर फिरणारी ही माणसं. लोकांच्या घरात काय चालतं त्याबद्दल ती प्रश्न विचारत नाहीत.

"पोयो जाय?" त्याने विचारलं.

मी जोरजोरात मान जनेलाकडे हलवली. धूर! तिकडे बघ, धूर!

त्याने टोपलीतून पोया, म्हणजे ते गोल चपटे पाव, काढून माझ्या छातीवर ठेवल्या. "आनीक?"

मी आणखी जोरात मान हलवली. त्याने आणखी पोया ठेवल्या. "आनीक?"

मी डोकं आपटायला लागलो. त्याने उरलेल्या पोया ठेवल्या, टोपली रिकामी झाली म्हणून खूश झाला, "फाल्यां हिशेब करया", म्हणजे पैसे उद्या, असं म्हणाला आणि भोंगा वाजवत निघून गेला!

आणि मग हुमले आले. पोयांसाठी आले की माझ्यासाठी, ते माहीत नाही. त्यांनी दोन्हींत भेद केला नाही. मानेतून शिरले, पाठीवर पसरले. अंगाची आग आग व्हायला लागली आणि मी चटईवर मासळीसारखा उडायला लागलो.

नेमकी अशा वेळी उषावहिनी फाटकातून आत आली. नीताने तिला खऱ्यासारखी हाक मारली होती आणि तिने ती खरीच धरली होती. तिने पाहिलं, मी बांधलेला, तोंड आवळलेलं, डोळे फिरवतोय, अंग झटकतोय, छातीवर पोयांचा ढीग.

"अगे माये! मास्तरांका झटको आयलो गो!" असं किंचाळत तिने तिथल्या तिथे फोन लावला आणि रुग्णवाहिका बोलावली. माड पडला तेव्हा टीव्ही वाचवणाऱ्या या बाईला तत्परता सुचली ती नेमकी त्या दिवशी!

मागून गार्गी पळत आली, तिच्यामागे नीता आणि रोहिदास. "बाबा, मस्त करताय हां! अगदी खरं वाटतं!"

मी तिच्याकडे पाहिलं. मग जनेलाकडे पाहिलं. पुन्हा तिच्याकडे. पुन्हा जनेलाकडे. माझी पोरगी हुशार आहे. तिने मान वळवली.

"आई! स्वयंपाकघर पेटलंय! आबा आत आहेत!"

त्यानंतरचं मला जमिनीवरून जेवढं दिसलं तेवढं आणि बाकीचं नंतर ऐकलेलं सांगतो. नीता पुढच्या दारातून आत धावली. कढईतलं तेल पेटलं होतं आणि ज्वाळा पडद्याला लागली होती. रोहिदास विहिरीवरची भरलेली बाल्दी घेऊन सुटला होता. गार्गी त्याच्या आडवी आली.

"काका, कढईत पाणी नको! तेल आहे, भडका उडेल! पडदा ओढून बाहेर काढा, त्याच्यावर ओता!"

रोहिदासने ऐकलं. मागच्या वर्षी नुसता उभा राहिलेला हा माणूस! त्याने जनेलातून पडदा बाहेर खेचला आणि अंगणात टाकून विझवला. नीताने मोठी परात कढईवर पालथी घातली, गॅसचं बटण फिरवलं, खाली वाकून सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला. हात भाजला, पण तिने परात सोडली नाही.

आणि गार्गी घराला वळसा घालून आबांच्या जनेलाशी गेली. ताट घेऊन गजांवर बडवायला लागली. "आबा, उठा! बाहेर या! आग लागलीय!"

आतून आबांचा आवाज आला, "बापाशीक सांग, हांव मेलंय म्हणून. माझी तालीम झाली."

"आबा, नाटक न्हय! खरां! धूर बघा!"

मग खोकला ऐकू आला. मग खाट करकरली. मग मागचं दार उघडलं आणि आबा एका हाताने नाकाला टॉवेल लावून, दुसऱ्या हाताने रेडिओ छातीशी धरून बाहेर आले. सगळे त्यांच्याभोवती धावले. कोणी पाणी दिलं, कोणी वारा घातला, कोणी पाठ चोळली.

मागच्या बाजूला! सगळे मागच्या बाजूला!

पुढच्या बाजूला मी, पोया आणि हुमले. आणि तेवढ्यात आलेली रुग्णवाहिका.

रुग्णवाहिका इतक्या लवकर पोचल्याचं मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिलेलं नाही. उषावहिनीने माझ्याकडे बोट दाखवलं, "हेच ते," आणि आबांचं काय झालं ते बघायला तीही मागच्या बाजूला पळाली; तिथल्या गडबडीत माझं सांगायचं तिच्याकडून राहूनच गेलं. दोन तगड्या पोरांनी मला उचललं, आत सरकवलं, दार लावलं. गाडी सुटली. माझ्या घराला आग लागली होती, माझ्या समजुतीप्रमाणे माझा बाप अजून आत होता आणि मी पोयांसकट वाजतगाजत उलट्या दिशेने चाललो होतो!

थोड्या वेळाने आतल्या पोराने माझी जबड्याची पट्टी सोडली. मी एका दमात सुरू केलं, "गाडी फिरवा! मला काही झालेलं नाही! मी शिक्षक आहे! मी मुद्दाम जखमी झालोय! भूकंप खोटा होता, पण आग खरी आहे! माझे वडील आत आहेत, त्यांना वाटतंय नाटक आहे!"

पोराने माझ्याकडे दयेने पाहिलं. मग पुढे ड्रायव्हरला म्हणाला, "बेगीन चल रे. डोक्याक लागलां."

"डोक्याला काही लागलेलं नाही! माझ्या बायकोने मला बांधलंय!"

"कशाला बांधलं?"

"मीच सांगितलं म्हणून!"

"आणि हे पाव?"

"मी मान हलवली म्हणून!"

त्याने फक्त पट्टा आणखी घट्ट केला.

शेवटी त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, त्याने विचारलं, "घरचा नंबर सांगा." मी सांगितला. त्याने लावला आणि फोन माझ्या कानाशी धरला.

"नीता! आबा?"

"बरे आहेत. चहा मागतायत." आणि मग तिचा आवाज एकदम चढला, "तुम्ही आहात कुठे? इथे घर पेटलं आणि तुम्ही उठून चालते झालात? आम्हाला वाटलं, तालीम बिघडली म्हणून रुसून नदीवर गेलात!"

मी कुठे होतो? मी उठून चालता झालो? मी?!

खूप बोलायचं होतं. पण आबा चहा मागतायत, एवढं ऐकल्यावर ते सगळं राहूनच गेलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हात बांधलेले, त्यामुळे पुसताही येईना. तो पोरगा म्हणाला, "दुखता काय?" आणि त्याने ते पुसलं. त्याच्यावरचा माझा निम्मा राग तिथे गेला. निम्मा अजून आहे.

इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण आली. तिने एकेक लुंगी सोडली, हातपाय दाबून पाहिले, पाठ बघितली.

"फ्रॅक्चर कुठेच नाही. मुंग्या चावल्यात."

"मी तेच सांगतोय."

"पण बांधलंय मात्र फार सुरेख! कोणी बांधलं?"

"बायकोने. आणि मुलीने."

"शिकवलं कोणी?"

"मी!" मी ताठ बसून म्हणालो. त्या अख्ख्या दिवसात मला कोणी विचारलेला तो पहिला बरा प्रश्न होता.

"अरे वा," ती मलम लिहून देता देता म्हणाली. "मग सोडवायचं कसं, तेही शिकवा."

रोहिदास मला स्कूटरवरून घरी घेऊन आला. स्वयंपाकघराची एक भिंत काळी झाली होती, पडदा गेला होता, नीताच्या हाताला पट्टी होती. ती पट्टी गार्गीने बांधलेली होती, आणि बेताची सैल! आबा ओट्यावर बसून चहात बिस्किट बुडवत होते. मला बघून म्हणाले, "खंय गेल्लंय रे? मोठी मजा चुकवलंय." मी त्यांच्याजवळ बसलो. मग त्यांनी आपला कप माझ्याकडे सरकवला.

रात्री जेवणाच्या वेळी गार्गीने पाढा वाचावा तशा चुका सांगितल्या. गॅस बंद केला नाही. आबांना झोपू दिलं. जखमीजवळ कोणीही थांबलं नाही. "आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे," ती गंभीरपणे म्हणाली, "जखमी हरवला."

आता आमच्याकडे अधूनमधून तालीम होते. गार्गी शिट्टी वाजवते. नीता गॅस बंद करते. आबा पहिल्याच शिट्टीला रेडिओ घेऊन बाहेर येतात. रोहिदास आणि उषावहिनी फाटकाशी हजर असतात. सगळ्यांना कामं वाटून दिलेली आहेत. काम देताना माझं नाव आलं तेव्हा घरात बराच विचार झाला. शेवटी एकमताने ठरलं की मी रस्त्यापलीकडे जाऊन, सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी उभं राहायचं आणि काहीही करायचं नाही. मी याचा कडक शब्दांत निषेध केला. तेव्हापासून आमची प्रत्येक तालीम कसलाही अपघात न होता पार पडते, आणि सगळे म्हणतात, घरात सर्वांत मोलाचं काम करतो तो मीच!